छोट्या गावात वेगवान इंटरनेट: जोडणी घेण्याआधी आणि घेताना काय बघायचं

मुंबई-पुण्यात इंटरनेट घेताना माणूस आधी प्लॅनचे दर बघतो. तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावात ते काम शेवटचं. इथे सगळं अडतं ते शेवटच्या दोन किलोमीटरांवर. खांबावरून येणारी तार कोणाची, तुटली तर जोडायला कोण येतं, लाइट गेल्यावर त्याच्याकडची मशीन किती वेळ तग धरते? १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे) दोन प्लॅन कागदावर सारखेच असतात. पावसाळ्यात त्यातला एक चार तास बंद राहतो, दुसरा चार दिवस. नव्याने गावात राहायला आलेल्यांनी, घरून काम करणाऱ्यांनी किंवा सेवा केंद्र, दवाखाना, क्लास सुरू करणाऱ्यांनी खालच्या क्रमाने गेलं तर पैसे अडकणार नाहीत.

१. गरज मोजा

ती बहुतेकदा वाटते त्यापेक्षा कमी निघते. एका व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी ३-४ एमबीपीएस भरपूर झाले. एचडी व्हिडिओला ५, फोर-के टीव्हीला २५ धरा. चार माणसांच्या घराला ४०-५० एमबीपीएस खरोखर मिळत असतील तर तक्रारीला जागा नाही. इथे ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा. हेही लक्षात ठेवा की एमबीपीएसला ८ ने भागल्यावर डाउनलोडच्या खिडकीत दिसणारा आकडा येतो. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला ५ एमबीने उतरली, तर कोणी फसवलेलं नसतं.

विसरला जातो तो अपलोड. कागदपत्रं स्कॅन करून चढवणारं केंद्र, ऑनलाइन शिकवणारा मास्तर, गोठ्यातले कॅमेरे बाहेरगावाहून बघणारा शेतकरी यांचं सगळं काम अपलोडवर चालतं. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा लांबून बघताना साधारण १ ते २ एमबीपीएस अपलोड खातो. चार कॅमेरे एकदम उघडले की हिशेब करा. फायबरवर, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाने येणाऱ्या जोडणीवर, अपलोड बहुधा डाउनलोडच्या बरोबरीने मिळतो, हवेतून येणाऱ्या जोडणीवर तो बराच कमी असतो. विचारताना दोन्ही आकडे विचारा.

२. गल्लीत काय पोहोचलंय ते चालत जाऊन बघा

कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की ‘उपलब्ध’ असं येतं. एका पिनकोडमध्ये डझनभर गावं आणि वाड्या असतात, त्यामुळे त्या उत्तराचा अर्थ ‘या भागात कुठेतरी आहे’ एवढाच. त्यापेक्षा गल्लीतल्या खांबांकडे बघा. काळ्या चपट्या बारीक तारा आणि खांबाला लावलेला हाताएवढा डबा दिसला की फायबर आलेली आहे. डब्यावर बऱ्याचदा नाव किंवा फोन नंबर असतो.

मग चौकशी. घरगुती ग्राहकाला विचारून फारसं कळत नाही, कारण दुपारी तीन तास नेट गेलं तरी त्याला पत्ता नसतो. नेट गेलं की ज्यांचा धंदा थांबतो त्यांना विचारा: पतसंस्था, दूध संकलन केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र, मेडिकल. प्रश्न तीनच. शेवटचं बंद पडलं तेव्हा किती वेळ बंद होतं? जून-जुलैत कसं असतं? रात्री आठ ते दहा वेग किती राहतो? तिघांनी एकाच ऑपरेटरचं नाव घेतलं तर निम्मी निवड झाली.

एक गोष्ट इथेच समजून घ्यावी. छोट्या गावात बीएसएनएलची फायबर बहुतेकदा स्थानिक भागीदार ओढतो आणि सांभाळतो. खासगी कंपन्यांचंही तेच, गावातला केबलवालाच त्यांचा फ्रँचायझी असतो. म्हणजे दोन वेगळ्या नावांची बिलं एकाच माणसाच्या एकाच खांबांवरून येत असण्याची शक्यता मोठी. पर्यायी म्हणून दुसरी जोडणी घेणार असाल तर ती त्याच खांबांवरून येणारी नको. एक जेसीबी दोन्ही एकदम तोडतो.

ग्रामपंचायतीत ‘भारतनेट’चा, म्हणजे पंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या सरकारी योजनेचा डबा आहे म्हणून हुरळून जाऊ नका. ही योजना २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव बदललं, आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याने ‘महानेट’ म्हणून केलं. फायबर पंचायतीपर्यंत येणं आणि तिथून घरात येणं ही दोन वेगळी कामं आहेत. गावात कोणी त्यावरून घरची जोडणी घेतली आहे का, एवढंच विचारा.

ऑपरेटर भेटला की त्याला विचारा: ‘तुमच्याकडे वरून लाइन किती बाजूंनी येते?’ एकाच बाजूने येत असेल तर तालुक्याच्या रस्त्यावर कुठेही खोदकाम झालं की अख्खं गाव बंद. दोन बाजूंनी येत असेल तर एक तुटल्यावर दुसरीवरून चालतं. जाणकार ऑपरेटर या प्रश्नाचं उत्तर आनंदाने देतो. जो टाळतो त्याच्याकडे एकच लाइन आहे असं समजा.

३. फायबर मिळत असेल तर फायबरच

यात फार विचार करण्यासारखं काही नाही. फायबरला हवामान, झाडं, टॉवरवरची गर्दी यांचा त्रास नाही. ती बिघडते ती तुटून, वाकून किंवा जोडात पाणी-धूळ जाऊन. म्हणून लक्ष द्यायचं ते बसवण्याच्या दिवशी.

घरात बसणाऱ्या ज्या डब्याला सगळे मोडेम म्हणतात, त्याचं नाव ओएनटी. त्याच्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश डीबीएम या एककात मोजतात आणि आकडा उणे असतो; तो शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त. ऑपरेटरकडची मशीन, म्हणजे ओएलटी, साधारण अधिक ३ ने प्रकाश सोडते. वाटेत एका तारेच्या आठ करणारे दोन स्प्लिटर लागले तर प्रत्येकी सुमारे साडेदहा, म्हणजे २१ गेले. तीन किलोमीटर तारेत जेमतेम १, जोड आणि कनेक्टर मिळून १ ते दीड. घरात उणे २० च्या आसपास आकडा यायला हवा. उणे १५ ते उणे २४ म्हणजे निर्धास्त. उणे २५-२६ ला नेट चालतं, पण पहिल्या पावसात एखाद्या जोडात ओल गेली की पडतं. उणे २७ च्या खाली बहुतेक ओएनटी तग धरत नाहीत. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे ‘दोन-तीनने काय होतंय’ हे लाइनमनचं म्हणणं मान्य करू नका.

बसवताना हे बघून घ्या:

• लाइनमनच्या पॉवर मीटरवरचा आकडा स्वतः वाचा आणि फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार करताना हा फोटो कामाला येतो. मीटर आणला नसेल तर ओएनटीच्या सेटिंगमध्ये, बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, ‘आरएक्स पॉवर’ दिसतो.

• तार रस्ता ओलांडत असेल तर उंच हवी, साडेपाच मीटरच्या वरच. हंगामात उसाने भरलेली ट्रॉली खाली झोळ आलेली तार घेऊन जाते, आणि हे दर वर्षी होतं.

• महावितरणच्या खांबाला बांधून आणलेली तार दोन वेळा जाते. एकदा मे महिन्यात पावसाळ्याआधी फांद्या तोडताना, आणि एकदा विनापरवानगी केबल उतरवण्याची मोहीम निघते तेव्हा. ऑपरेटरचे स्वतःचे खांब असतील तर उत्तम.

• खांबापासून घरापर्यंत तारेला मध्ये जोड नको. कमी पडली म्हणून तुकडा जोडत असतील तर थांबवा, दुसरं बंडल आणायला सांगा.

• चपट्या तारेत आधारासाठी स्टीलची तार असेल तर ती बाहेरच्या भिंतीवर हुकापाशी कापायची. काच वीज वाहून नेत नाही, स्टील नेतं. वळवाच्या गडगडाटात घरापर्यंत आणलेली ती तार ओएनटीसकट टीव्हीही जाळू शकते.

• भिंतीत शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तारेवरून घरात न येता तिथेच ठिबकेल. घरात शिल्लक तार गुंडाळताना वेटोळं ६ सेंटिमीटरपेक्षा लहान व्यासाचं करू नका. खिळ्यावर करकचून वळवलेल्या तारेतून प्रकाश बाहेर सांडतो.

• कनेक्टर हिरवा असेल तर ओएनटीचं भोकही हिरवंच हवं. निळ्यात हिरवा बसतो, पण आतली काच वेगळ्या कोनात कापलेली असते आणि प्रकाश वाया जातो.

उघड्या टोकात डोळा घालून कधीही बघायचं नाही. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

नंतर कधी नेट गेलं तर आधी दिवे बघा. ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही, तार तुटली किंवा कनेक्टर निसटला. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही, थेट लाइनमनला फोन. ‘पॉन’चा दिवा हिरवा स्थिर आणि तरी नेट नाही, तर तार ठीक आहे. मग बिल संपलं, लॉगिन उडालं किंवा ऑपरेटरची वरची लाइन गेली. शेजाऱ्याचं चालू आहे का ते बघितलं की यातलं काय ते कळतं.

संध्याकाळी वेग पडत असेल तर दोष तुमच्या तारेचा नसतो. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत ओएलटीच्या एका पोर्टवर खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि सहसा तेवढ्याने अडत नाही. अडतं ते ऑपरेटरने वरून विकत घेतलेल्या बँडविड्थमध्ये. त्याने कमी घेतली आणि ग्राहक वाढवले की आयपीएलच्या रात्री सगळ्यांचं चक्र फिरत बसतं. २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन हा रोग बरा होत नाही.

४. फायबर नसेल तर फाइव्ह-जीवरची घरगुती जोडणी

२०२३ पासून जिओ आणि एअरटेल ‘एअरफायबर’ नावाने ही सेवा देतात. नावात फायबर असलं तरी तुमच्या घरापर्यंत येतो तो रेडिओच. गच्चीवर एक युनिट आणि घरात वायफायचा डबा. टॉवर गावातच किंवा एक-दीड किलोमीटरवर आणि नजरेसमोर असेल तर ही चांगली चालते. डोंगराच्या कुशीतल्या गावात, जिथे टॉवर पलीकडच्या धारेवर आहे, तिथे जपून.

मागणी नोंदवण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला फाइव्ह-जी फोन घेऊन गच्चीवर जा. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मधून ‘सिम स्टेटस’ उघडलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. उणे ९० च्या वर, म्हणजे उणे ८५, उणे ८० असा असेल तर छान. उणे १०० पर्यंत चालेल. उणे ११० ला नाद सोडा. कांड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक फोन त्या वेगळ्या हिशेबाने दाखवतो. वेगाची चाचणी सकाळी सात, दुपारी आणि रात्री नऊ अशी किमान तीन-चार दिवस घ्या आणि रात्रीचा आकडा खरा धरा.

फोनवर फाइव्ह-जी दिसतं आणि वेग मात्र फोर-जीचा, असं गावात बरेचदा होतं. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतींतून शिरतो, पण त्याची रुंदी कमी. ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण झाडं-भिंती त्याला आवडत नाहीत. तुमच्या गच्चीवर कोणता पकडला जातो त्यावर अनुभव ठरतो. बसवायला आलेल्या माणसाला युनिट चारही दिशांना फिरवून बघायला लावा. जवळचा टॉवर गर्दीचा आणि लांबचा मोकळा असू शकतो.

डेटाची मर्यादाही बघा. या जोडण्यांवर महिन्याला १००० जीबीच्या आसपास मर्यादा असते, फायबरवरच्या ‘अमर्याद’ प्लॅनमध्ये बहुधा ३३०० जीबी. मर्यादेनंतर वेग काही एमबीपीएसवर येतो. जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसला सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडच म्हणतात, तेव्हा त्यावर भांडायला वाव नाही.

५. स्थानिक ऑपरेटरची छतावरची डिश

काही गावांत ऑपरेटर ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओने तालुक्यातून नेट आणतो आणि घराघरावर छोट्या डिश लावतो. नीट बसवली तर २०-५० एमबीपीएस आरामात मिळतात. अट एकच, दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. नुसती दिसून भागत नाही, त्या रेषेभोवती जागाही मोकळी लागते. २ किलोमीटरच्या अंतराला मध्यावर रेषेखाली सुमारे ३ मीटर, ५ किलोमीटरला सुमारे ५ मीटर. जानेवारीत निष्पर्ण झाडांतून बसवलेली डिश जुलैत पालवी फुटली की बंद पडते, कारण ओली पानं हा सिग्नल गिळतात. पाहणी पावसाळ्यात झाली तर सर्वांत खरी. तोवर वाटेतल्या झाडांची उंची पुढच्या दोन वर्षांची धरा. लोखंडी पाइप भिंतीत पक्का हवा आणि त्याला अर्थिंग हवं. गच्चीवरून खाली येणारी लॅन केबल पूर्ण तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लांब अंतरावर दगा देते.

६. फोर-जी राउटर आणि उपग्रह

गावापासून लांब शेतावरच्या वस्तीला बहुतेकदा फोर-जी राउटर हाच पर्याय उरतो. बाहेरचा अँटेना जोडता येईल असाच राउटर घ्या आणि अँटेना घराच्या सर्वांत उंच जागी लावा. पत्र्याच्या घरात राउटर आत ठेवला तर पत्राच सिग्नल अडवतो. सिम कोणतं घ्यायचं ते आधी तीनही खासगी कंपन्यांची स्वस्त रिचार्ज आणून तपासा. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी फोर-जी देशभर सुरू केलं आहे, म्हणून ‘इथे बीएसएनएलला नेट नाही’ हे जुनं मत एकदा पुन्हा तपासून बघावं.

उपग्रहाचं इंटरनेट दोन प्रकारचं. जुनं सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहावरून येतं, त्यात जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो आणि व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, तिथे हा त्रास नाही. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीमसारख्या जिल्ह्यांसाठी इरादापत्रही केलं. पण कंपनीच्या अधिकृत पानावर तुमच्या पत्त्याला विक्री सुरू दिसेपर्यंत ‘बुकिंग’ म्हणून कोणाला एक रुपया देऊ नका. परदेशातून डिश आणून लावणं बेकायदा आहे.

७. लाइट गेल्यावर काय

जोडणी कितीही चांगली असली तरी हा प्रश्न सोडवल्याशिवाय गावात घरून काम होत नाही. ओएनटी आणि राउटर मिळून साधारण १० वॅट खातात. बाजारात मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसमध्ये २००० एमएएचचे तीन सेल असतील तर आत २२ वॅट-तास असतात. गळती धरून दीड-पावणेदोन तास. वेष्टणावर ‘चार तास’ लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा एक प्लग नेटला द्या, तरीही मिनी यूपीएस मध्ये ठेवा. इन्व्हर्टर पलटी मारताना क्षणभर वीज जाते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि मीटिंग तुटते. घेण्याआधी ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. फाइव्ह-जीची बाहेरची युनिटं काही वेळा ४८ व्होल्टवर चालतात, तिथे १२ व्होल्टचा यूपीएस निरुपयोगी.

यापेक्षा मोठा प्रश्न ऑपरेटरच्या टोकाचा. तुमच्याकडे लाइट आहे, पण ओएलटी ठेवलेल्या खोलीतली बॅटरी दोन तासांत संपली तर काय? ती खोली गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या विजेच्या लाइनवर आहे का आणि बॅटरी किती तास चालते, हे विचारा. मळ्यातल्या वस्तीवर शेतीच्या फीडरची वीज असेल तर मिनी यूपीएसने भागणार नाही, छोटं सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी लावा.

८. घरातलं वायफाय

‘नेट स्लो आहे’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटतात. दगडी वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जवळजवळ जात नाही. ओएनटी दारापाशी कपाटाच्या वर ठेवायची पद्धत आहे, ती सोडा. मधल्या खोलीत उंचावर ठेवा. दुसऱ्या मजल्याला किंवा मागच्या खोलीला लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावा, केबल १०० मीटरपर्यंत चालते. सिग्नल वाढवणारे प्लगवाले डबे घेऊ नका, त्यातले बरेचसे वेग निम्मा करतात. आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन लॅपटॉपवर ९४ च्या पुढे जात नसेल तर ओएनटीचं पोर्ट १०० चं आहे, किंवा केबलच्या आठांपैकी चारच तारा जोडल्या आहेत.

९. पैसे आणि कागद

जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो. ५९९ म्हणजे ७०७. बसवण्याचा खर्च, ओएनटी विकत की परत करायचा, अनामत किती, हे लिहून घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरले की बऱ्याचदा काही महिने फुकट मिळतात, पण पहिल्यांदा एक किंवा तीन महिन्यांचाच प्लॅन घ्या, आणि त्यात निदान एक वादळी पाऊस येऊ द्या. जोडणी आणि केवायसी स्वतःच्या नावावर, पावती कंपनीच्या नावाची. शेजाऱ्याच्या जोडणीतून वायर ओढून महिना २०० रुपयांत भागवण्याची रीत आहे. त्या जोडणीवरून कोणी काही उपद्व्याप केला तर पोलीस केवायसी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येतात.

बिघाड झाला की लाइनमनला फोन कराच, तो लवकर येतो. पण त्याच वेळी कंपनीच्या क्रमांकावर किंवा ॲपवर तक्रार टाकून तिचा नंबर घ्या. नुसत्या फोनची कुठेही नोंद नसते आणि बंद दिवसांचे पैसे मागता येत नाहीत. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तो नंबर देऊन अपील करता येतं, त्याला शुल्क नाही. दूरसंचार नियामक ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, म्हणून तिथे थेट लिहून उपयोग होत नाही. अपीलही फसलं तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून अर्ज टाका. सोबत प्रकाशाच्या आकड्याचा फोटो आणि तक्रारींचे नंबर तारखांसह जोडा.